रोज रात्री सिंक जॉब १३७ देऊन मरतो, सकाळी रिस्टार्ट केला की चालतो: रॅम वाढवायच्या आधी हे बघा

हा प्रॉब्लेम खूप जणांना येतो आणि दर वेळी उत्तर एकच मिळतं की रॅम वाढवा, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. लक्षणं अशी असतात. स्वतःच्या मशीनवर डेटा इंटिग्रेशनचा (एका ठिकाणचा डेटा दुसरीकडे नेणारा) सर्व्हर टाकलाय, एअरबाइट असेल, नायफाय असेल, एअरफ्लो असेल नाहीतर मायक्रोसॉफ्टचा सेल्फ-होस्टेड इंटिग्रेशन रनटाइम असेल, इन्स्टॉल व्यवस्थित झालं, दिवसा टेस्ट केली तर सगळं हिरवं, आणि रात्री मोठ्या टेबलाचा सिंक जॉब (डेटा हलवणारं ठरल्या वेळचं काम) मध्येच गायब, मागे फक्त १३७ हा एक्झिट कोड (प्रोसेस संपताना मिळणारा नंबर). लॉगमध्ये शेवटची ओळ नेहमीसारखी, अमुक इतके रेकॉर्ड वाचले, आणि पुढे काहीच नाही. सकाळी कोणीतरी रिस्टार्ट मारतं, जॉब चालतो, सगळे कामाला लागतात आणि रात्री परत तेच.

आमच्याकडे हे तीन आठवडे चाललं होतं. मशीन १६ जीबीचं होतं, ते ३२ जीबी केलं, आणि जॉब आधी दीड तासाने मरायचा तो आता पाऊण तासात मरायला लागला. म्हणजे रॅम वाढवल्यावर प्रकार आणखी बिघडला. हे असं का झालं ते कळल्यावरच बाकीचा सगळा गुंता सुटला, पण तिथे पोचायच्या आधी एक-दोन गोष्टी क्लिअर करतो.

मिनिमम रिक्वायरमेंट म्हणजे नक्की काय

डॉक्युमेंटेशनमध्ये आकडे दिलेले असतात. मायक्रोसॉफ्टच्या सेल्फ-होस्टेड रनटाइमसाठी २ गिगाहर्ट्झचा ४ कोर प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ८० जीबी मोकळी डिस्क असं लिहिलेलं आहे. एअरबाइट ४ सीपीयू आणि ८ जीबी सांगतं. एअरफ्लो डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं टूल) चालवायचा तर डॉकरला निदान ४ जीबी द्या, शक्यतो ८ द्या असं सांगतात. हे आकडे चुकीचे नाहीत पण त्यांचा अर्थ आपण चुकीचा लावतो. एवढ्यात सर्व्हर उभा राहील, स्क्रीन उघडेल, शेड्यूलर (ठरल्या वेळी जॉब सोडणारा) चालेल, लहानसहान जॉब होतील, एवढंच तो आकडा सांगतो. तुमच्या टेबलात किती ओळी आहेत, एका ओळीत किती मोठा जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) कोंबलाय, एका वेळी किती जॉब सुटतात, हे त्या आकड्याला माहीतच नसतं.

मी आता हिशोब असा करतो. ऑपरेटिंग सिस्टिमला दीड जीबी, सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसला एक जीबी, सर्व्हर आणि शेड्यूलर मिळून दोन-अडीच जीबी, इथपर्यंत पाच जीबी झाले आणि अजून एकही जॉब सुरू नाही. मग एकेका जॉबची कमाल मेमरी गुणिले एकाच वेळी चालणारे जॉब. दोन जीबीचे तीन जॉब म्हटलं तर सहा, म्हणजे अकरा झाले, वर फाइल कॅशला (वाचलेल्या फाइली मेमरीत ठेवायला) थोडी जागा हवीच, म्हणजे १६ जीबीचं मशीन. यात गुणिले वाला आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच कोणी मोजत नाही. सगळ्यांनी शेड्यूल रात्री १२ ला लावलेलं असतं, कारण १२ सुचतं पटकन, आणि मग सात जॉब एकाच मिनिटाला सुटतात, त्याच वेळी बॅकअपही सुटतो. दिवसा टेस्ट करताना एकच जॉब हाताने चालवलेला असतो, तो चालणारच ना. आधी जॉब पुढेमागे करा, एक बारा वाजता, एक साडेबाराला, आणि टूलमध्ये एका वेळी किती जॉब चालू द्यायचे त्याची सेटिंग असते ती खाली आणा. याला एक पैसा लागत नाही आणि निम्म्या लोकांचा प्रॉब्लेम इथेच संपतो.

मारलं कोणी ते आधी शोधा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि इथे घाई करू नका. एक्झिट कोड बघा. लिनक्समध्ये प्रोसेस सिग्नलने (तिला पाठवलेल्या हुकमाने) मेली तर १२८ मध्ये त्या सिग्नलचा नंबर मिळवला की तो कोड येतो. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे सिगकिल, प्रोसेसला बोलायची संधी न देता संपवली. म्हणूनच लॉगमध्ये एरर नसते, लिहायला ती प्रोसेस उरलेलीच नसते. १४३ म्हणजे १२८ अधिक १५, सिगटर्म, कोणीतरी नीट सांगून बंद केली. १३९ आला तर सेगमेंटेशन फॉल्ट (नको त्या मेमरीला हात लावणं), तो मेमरी कमी पडल्याचा नसतो, कुठलीतरी लायब्ररी कोसळलेली असते. १३२ आला तर सीपीयूला ती इन्स्ट्रक्शनच माहीत नाही, त्याबद्दल खाली लिहितो.

आता १३७ दिसला की लगेच मेमरी म्हणू नका. डॉकरला कंटेनर थांबवायला सांगितला की तो आधी सिगटर्म पाठवतो, डिफॉल्ट १० सेकंद थांबतो, आणि तरी बंद झाला नाही तर सिगकिल मारतो, तेव्हाही कोड १३७ च येतो. रात्री ऑटो अपडेटने डॉकरची सर्व्हिस रिस्टार्ट केली तर डिट्टो हेच दिसतं. म्हणून कंटेनर इन्स्पेक्ट करून 'ओओएम किल्ड' (आउट ऑफ मेमरी, म्हणजे मेमरी संपली म्हणून मारला) पुढे ट्रू आहे की फॉल्स ते बघा, आणि त्याहून पक्का पुरावा हवा तर कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) लॉग बघा, डीमेसेज नाहीतर जर्नलसीटीएलला के चा पर्याय लावून. कंटेनर आपोआप डिलीट होत असेल तर इन्स्पेक्ट करायला काही उरत नाही, कर्नलचा लॉग मात्र राहतो.

तिथे दोन प्रकारच्या ओळी सापडतात आणि त्यांच्यातला फरक बघायला शिका. एक सुरू होते 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' अशी. म्हणजे अख्ख्या मशीनची मेमरी संपली आणि कर्नलने सगळ्यात जास्त गुण पडलेली प्रोसेस उचलून मारली. दुसरी सुरू होते 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी' अशी, सीग्रुप म्हणजे प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालणारी कर्नलची सोय. म्हणजे मशीनवर मेमरी ढीगभर मोकळी असेल, पण त्या एका कंटेनरला जी लिमिट घातली होती ती त्याने ओलांडली. पहिल्या केसमध्ये रॅम वाढवून फरक पडू शकतो, दुसऱ्या केसमध्ये अख्ख्या मशीनची रॅम दुप्पट करा नाहीतर चौपट करा, काही होणार नाही. आम्ही तीन आठवडे ती ओळ अर्धीच वाचत होतो. ओओएम दिसलं की पुढचं वाचायचं सोडून रॅमच्या मागे लागायचो.

पहिल्या केसमध्ये एक फसवणूक असते ती पण सांगतो. कर्नल मारतो तो साधारण जास्त मेमरी खाणारा, पण तो गुन्हेगार असेलच असं नाही. कधी तो सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसची प्रोसेस मारतो, मग जॉबच्या लॉगमध्ये कनेक्शन रिफ्यूज्ड दिसतं आणि माणूस नेटवर्क, फायरवॉल, पासवर्ड सगळं तपासत बसतो. म्हणून जॉबच्या लॉगमधली वेळ आणि कर्नलच्या लॉगमधली वेळ शेजारी ठेवून बघा, मिनिटाला मिनिट जुळली तर नेटवर्कचा काही संबंध नाही.

एअरबाइटवाल्यांसाठी वेगळं सांगतो, एबीसीटीएलने (एअरबाइटच्या इन्स्टॉल कमांडने) टाकलं असेल तर डॉकरच्या यादीत एकच कंटेनर दिसतो, कारण आत अख्खं छोटं कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारी सिस्टिम) क्लस्टर असतं आणि जॉब त्याच्या आत पॉड म्हणून चालतात. बाहेरून इन्स्पेक्ट करून काही सापडत नाही, कुबेसीटीएलने (कुबरनेटीसच्या कमांडने) पॉड डिस्क्राइब करा, तिथे कारण लिहिलेलं असतं.

जावाची आउट ऑफ मेमरी एरर ही परत वेगळीच चीज आहे. ती लॉगमध्ये येते, कारण प्रोसेस जिवंत असते, फक्त तिची हीप (जावा आपला डेटा ठेवतो ती मेमरी) भरलेली असते. ती आली तर हीप वाढवा नाहीतर जॉब लहान करा. कर्नलने मारलं तर हीप वाढवून उलट लवकर मराल. दोन आजार वेगळे, औषधं एकमेकांच्या उलटी, आणि नावं मात्र सारखी, इथेच सगळे गोंधळतात.

रॅम वाढवल्यावर लवकर का मरत होता

आता आमची गोष्ट. कर्नलच्या लॉगमध्ये ओळ होती मेमरी सीग्रुपवाली, प्रोसेस जावा, आणि खरी वापरलेली मेमरी साधारण ४१ लाख ६० हजार केबी. कंटेनरला लिमिट होती ४ जीबी, म्हणजे ४१,९४,३०४ केबी. काठोकाठ भरून मेला होता. होस्टवर त्या वेळी वीस जीबी मोकळे होते.

मग प्रश्न पडला की जावाला ४ जीबीची लिमिट दिसत असेल तर तो एवढी हीप घेतोच कशाला. हीप स्वतःहून ठरवून दिली नाही तर जावा मशीनच्या मेमरीचा एक चतुर्थांश भाग कमाल हीप म्हणून धरतो. ४ जीबीच्या कंटेनरमध्ये ती १ जीबी असायला हवी होती. कंटेनरच्या आत शिरून जावाला त्याचे सगळे फायनल फ्लॅग छापायला सांगितले आणि मॅक्स हीप साइज बघितली, तर आठ जीबी. चार जीबीच्या खोलीत आठ जीबीची हीप. म्हणजे त्याला कंटेनरची भिंत दिसतच नव्हती, तो सरळ होस्टचे ३२ जीबी बघून चौथा हिस्सा घेत होता. होस्ट १६ चा होता तेव्हा हीप चार जीबीपर्यंत जायची, कधीतरी गार्बेज कलेक्शन (हीपमधला नको असलेला डेटा उडवणं) वेळेत व्हायचं आणि जॉब तरायचा. ३२ केल्यावर त्याला वाटलं की आता आठ जीबीपर्यंत जागा आहे, कचरा उचलायची घाई कशाला, आणि तो सरळ भिंतीवर जाऊन आदळला.

आणि हे आधी होत नव्हतं, वर्षभर तोच कंटेनर नीट चालत होता. बदललं होतं ते ऑपरेटिंग सिस्टिम. आम्ही उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेलो होतो आणि त्याचा याच्याशी संबंध असेल असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण अपग्रेडनंतर लहान जॉब सगळे व्यवस्थित होते. २२.०४ मध्ये कर्नलचं सीग्रुप व्हर्जन २ डिफॉल्ट आहे, २०.०४ मध्ये जुनी पद्धत होती. डेबियन ११ आणि रेड हॅट ९ मध्ये पण व्हर्जन २ च डिफॉल्ट आहे. कंटेनरची लिमिट कुठल्या फाइलमध्ये लिहिलेली असते ती जागा दोन्हींमध्ये वेगळी, आणि जुन्या जावाला नवी जागा माहीत नाही. जावा १५ पासून ते कळतं, आणि नंतर ते मागे ११.०.१६ आणि जावा ८ च्या अपडेट ३७२ मध्येही आणलं गेलं. आमच्या कनेक्टरच्या (डेटाबेसला जोडणाऱ्या भागाच्या) इमेजमध्ये (कंटेनर ज्यापासून बनतो त्या पॅकेजमध्ये) जावा ८ होता आणि अपडेट त्याच्या बराच आधीचा होता.

तुमच्याकडे कुठलं सीग्रुप आहे ते बघायचं असेल तर सिस फोल्डरमधल्या सीग्रुपच्या जागेवर फाइलसिस्टिमचा प्रकार काय आहे ते स्टॅट कमांडने विचारा, सीग्रुप२एफएस आलं तर व्हर्जन २, टीएमपीएफएस आलं तर जुनं. एवढं बघितलं की कंटेनरच्या आत जावाचं व्हर्जन आणि मॅक्स हीप बघा. मॅक्स हीप कंटेनरच्या लिमिटच्या जवळ किंवा वर असेल तर तुमचाही हाच आजार.

उपाय दोन. खरा उपाय म्हणजे इमेज नव्या जावावर न्या. ते लगेच जमत नसेल तर हीप एक्सएमएक्सने (कमाल हीप ठरवायच्या जावाच्या पर्यायाने) आकड्यात ठरवून द्या, ४ जीबीच्या कंटेनरला आम्ही अडीच जीबी दिली. चारच्या चार देऊ नका, जावाला हीपबाहेरही मेमरी लागते, थ्रेडचे स्टॅक, क्लासची माहिती, नेटवर्कचे डायरेक्ट बफर, आणि डेटा हलवणाऱ्या टूलमध्ये हे बफर चांगलेच मोठे असतात. काही जण मॅक्स रॅम पर्सेंटेज वापरा म्हणतात, नव्या जावावर ते उत्तम, मीही तेच वापरतो, साठ-पासष्ट टक्के. पण जुन्या जावावर त्याचा उपयोग नाही, कारण टक्के काढायचे ते मुळात होस्टच्या रॅमचे निघणार. तिथे आकडाच द्यावा लागतो. सीपीयूचंही तसंच होतं, कंटेनरला दोन कोर दिलेले असले तरी जुना जावा होस्टचे सोळा बघतो आणि त्या हिशोबाने गार्बेज कलेक्शनचे थ्रेड सोडतो, मग सगळं कासवाच्या गतीने.

विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या रनटाइमला हाच विषय उलट्या बाजूने भेटतो. पार्के किंवा ओआरसी (डेटा साठवायचे फॉरमॅट) फाइल लिहायची असेल तर त्याला ६४ बिटचा जावा लागतो, आणि त्या जावाची हीप डिफॉल्ट जास्तीत जास्त १ जीबी असते. मशीन ६४ जीबीचं असलं तरी १ च. मोठी पार्के फाइल आली की जावाची आउट ऑफ मेमरी एरर येते. तिथे सिस्टिमच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये अंडरस्कोर जावा ऑप्शन्स नावाने हीप वाढवायची आणि सर्व्हिस रिस्टार्ट करायची, रिस्टार्ट विसरलात तर काहीच बदलणार नाही.

हीप बरोबर, लिमिट बरोबर, तरी मरतोय

मग ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) बघा. पोस्टग्रेसचा जेडीबीसी (जावासाठीचा) ड्रायव्हर डिफॉल्टला क्वेरीचा अख्खा रिझल्ट मेमरीत ओढतो आणि मग पहिली ओळ तुमच्या हातात देतो. थोड्या थोड्या ओळी आणायच्या असतील तर ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप पक्की करणं) बंद पाहिजे आणि फेच साइज (एका वेळी किती ओळी आणायच्या) दिलेली पाहिजे, दोन्ही पाहिजेत, फक्त फेच साइज देऊन ऑटोकमिट चालू ठेवलं तर तो फेच साइजकडे बघत नाही. मायएसक्यूएलचा ड्रायव्हरही अख्खा रिझल्ट घेतो, त्याला यूज कर्सर फेच ट्रू करून फेच साइज द्यावी लागते. तयार कनेक्टर बहुतेक हे सांभाळतात, पण स्वतः लिहिलेल्या कनेक्टरमध्ये किंवा कस्टम क्वेरीवाल्या जॉबमध्ये मला हे वारंवार सापडलंय. ओळीला एक केबी धरली आणि ५० लाख ओळी असल्या तर नुसता कच्चा डेटाच ५ जीबी होतो, जावाच्या ऑब्जेक्टमध्ये त्याहून जास्त. टेबल रोज थोडं थोडं वाढतं, म्हणून गेल्या महिन्यात चालणारा जॉब या महिन्यात मरतो आणि कोणी काही बदललेलं नसतं.

डिस्क

डिस्क भरल्यावरही जॉब मरतो, पण तेव्हा एरर बहुतेक दिसते, म्हणून हे तुलनेने सोपं. डॉकरचे डिफॉल्ट जेसन-फाइल लॉग आपोआप कापले जात नाहीत, वाढतच जातात. डॉकर डेमनच्या (मागे चालणाऱ्या डॉकरच्या सर्व्हिसच्या) कॉन्फिगमध्ये मॅक्स साइज आणि मॅक्स फाइल घाला, आणि हे लक्षात ठेवा की आधीपासून असलेल्या कंटेनरना ते लागू होत नाही, ते नव्याने बनवावे लागतात. डीएफमध्ये (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) जागा दिसतेय तरी नो स्पेस लेफ्ट येत असेल तर डीएफला आय लावून आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) बघा, लाखो बारक्या तात्पुरत्या फाइली सोडणारा जॉब आयनोड संपवतो. डीएफ भरलेलं दाखवतंय आणि डीयूची (फाइलींचा आकार मोजणाऱ्या कमांडची) बेरीज कमी येतेय तर कोणीतरी डिलीट केलेली फाइल अजून उघडी धरून बसलंय, ती प्रोसेस रिस्टार्ट केल्याशिवाय जागा सुटत नाही. ईएक्सटी४ (लिनक्सची एक फाइलसिस्टिम) वर डिफॉल्ट ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते, म्हणजे ८० जीबीतले ४ जीबी तुमच्या सर्व्हिसला मिळत नाहीत.

आणि टेम्प फोल्डर. काही सिस्टिमवर तो डिस्कवर नसून टीएमपीएफएस असतो, म्हणजे रॅममध्येच. डेबियन १३ मध्ये हे डिफॉल्ट झालंय. टूल मोठी सॉर्टिंग करताना किंवा फाइल अपलोड करायच्या आधी तुकडे टेम्पमध्ये टाकतं, आपल्याला वाटतं डिस्कवर चाललंय, आणि रॅम भरत असते. टूलचा टेम्प फोल्डर खऱ्या डिस्कवरच्या फोल्डरवर वळवा.

एक कळकळीची विनंती आहे. पोस्टग्रेसमधून चेंज डेटा कॅप्चर (फक्त झालेले बदल उचलणं) चालवत असाल तर तुमचा सर्व्हर बंद पडला म्हणून तसाच सोडू नका. सोर्स डेटाबेसवर रिप्लिकेशन स्लॉट (वाचणारा कुठपर्यंत पोचला त्याची खूण) असतो, वाचणारा गेला तरी स्लॉट त्याच्यासाठी वॉल फाइली (बदलांच्या नोंदी) जपून ठेवतो, आणि डिफॉल्ट सेटिंगमध्ये त्याला मर्यादा नाही. शुक्रवारी रात्री जॉब मेला, सोमवारी बघू म्हटलं, तर सोमवारपर्यंत प्रॉडक्शन डेटाबेसची डिस्क भरून तो बंद पडलेला असू शकतो, म्हणजे रिपोर्ट गेला तो गेलाच आणि मूळ धंदाही थांबला. पोस्टग्रेस १३ पासून मॅक्स स्लॉट वॉल कीप साइज अशी सेटिंग आहे, ती घाला. ती ओलांडली की स्लॉट बाद होतो आणि पूर्ण सिंक परत करावा लागतो, तो त्रास परवडतो. आणि कनेक्टर कायमचा काढलात तर स्लॉटही हाताने ड्रॉप करा. मायएसक्यूएलमध्ये उलट आहे, बिनलॉग (तिथल्या बदलांच्या नोंदी) ठरावीक काळाने उडून जातात, ८.० मध्ये डिफॉल्ट ३० दिवस, तिथे सोर्स सुरक्षित राहतो पण जास्त दिवस बंद राहिलात तर परत पहिल्यापासून.

सीपीयू आणि बाकीचं

कोर किती यापेक्षा कुठल्या प्रकारचा सीपीयू दिसतोय हे कधीकधी आडवं येतं. रेड हॅट ९ वर बनवलेल्या इमेजना एक्स८६-६४ ची (इंटेल-एएमडीच्या सीपीयू प्रकाराची) दुसरी पातळी, व्ही२, लागते. व्हर्च्युअल मशीनला जुना सर्वसाधारण सीपीयू प्रकार दिलेला असेल, केव्हीएम६४ सारखा, तर खालचं लोखंड नवंकोरं असलं तरी आतून तो जुनाट दिसतो आणि कंटेनर सुरू होतानाच जीलिबसीची (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची) फेटल एरर देऊन पडतो की सीपीयू व्ही२ सपोर्ट करत नाही. मोंगोडीबी (एक डेटाबेस) ५.० पासून एव्हीएक्स (सीपीयूच्या खास इन्स्ट्रक्शन) मागतो, तिथे १३२ चा कोड येतो. दोन्हीकडे उपाय एकच, हायपरवायझरमध्ये (व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) व्हीएमचा सीपीयू टाइप 'होस्ट' करा आणि व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करा, आतून रिबूट केल्याने होत नाही.

क्लाउडवरचं बर्स्टेबल मशीन असेल तर पहिला अर्धा-पाऊण तास जोरात आणि मग एकदम मंद, हे सीपीयू क्रेडिट संपल्याचं लक्षण. मोठ्या सिंकला असलं मशीन घेऊ नका, स्वस्त वाटतं पण जॉब टाइमआउट होतो.

टू मेनी ओपन फाइल्स एरर आली तर उघड्या फाइलींची लिमिट बहुतेक १०२४ वर आहे. नायफायच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ५०,००० सांगितलंय. लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये टाकून काही झालं नाही अशी तक्रार नेहमी असते, कारण ती फाइल लॉगिन करणाऱ्या युजरला लागते, सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा भाग) सर्व्हिसला नाही. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये लिमिट नोफाइल लिहा, डेमन रीलोड करा, आणि मग चालू प्रोसेसच्या प्रॉक फोल्डरमधली लिमिट्स फाइल उघडून खरंच लागली का ते बघा.

घड्याळ पण बघा. व्हीएम पॉज करून परत चालू केली की वेळ मागे राहते, एस३ (ॲमेझॉनचं फाइल स्टोरेज) पंधरा मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, कर्बेरॉस (लॉगिन तपासायची पद्धत) डिफॉल्टला पाच मिनिटंच. एरर ऑथेंटिकेशनची येते, पासवर्ड बरोबर असतो. क्रोनी (घड्याळ जुळवणारी सर्व्हिस) चालू आहे का बघा, झालं.

विंडोजवाल्यांनी पॉवर प्लॅन तपासा, मशीन स्लीप किंवा हायबरनेटमध्ये गेलं की रनटाइम उत्तर देत नाही, आणि हे ऑफिसमधल्या जुन्या डेस्कटॉपवर टाकलेलं असेल तर रात्रीच होणार. डोमेन कंट्रोलरवर रनटाइम टाकू नका, ते चालत नाही. डॉटनेट फ्रेमवर्क ४.७.२ किंवा वरचं पाहिजे. मेमरी संपल्याचा संशय असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉगमध्ये रिसोर्स एग्झॉशन डिटेक्टरचा २००४ नंबरचा इव्हेंट शोधा, कुठल्या तीन प्रोसेसनी जास्त खाल्ली ते त्यातच लिहिलेलं असतं.

ऑपरेटिंग सिस्टिम फार जुनं असेल तर त्यावर वेळ घालवू नका. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, त्यात जीलिबसी २.१७ आहे, नवीन बायनरी टाकली की जीलिबसी २.२८ सापडत नाही असं येतं, आणि जीलिबसी हाताने बदलायचा प्रयत्न करू नका, अख्खं मशीन हातचं जातं. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलाय.

आमचं आता असं आहे. मशीन ३२ वरून परत १६ जीबीवर आणलं, जॉब वीस-वीस मिनिटांच्या अंतराने लावले, एका वेळी तीनपेक्षा जास्त सुटत नाहीत, आणि रात्रीचा सगळ्यात मोठा जॉब सव्वा तासात पूर्ण होतो, मेमरी ३.१ जीबीच्या वर जात नाही. दोन कनेक्टरच्या इमेज अजून जुन्याच जावावर आहेत, ते एक्सएमएक्स लावून चालवतोय, त्यांच्या नव्या इमेजची टेस्ट या आठवड्यात करणार आहे. तुमच्याकडे अडलं असेल तर एक्झिट कोड, कर्नलच्या लॉगमधली ती पूर्ण ओळ, कंटेनरची लिमिट आणि आतल्या जावाचं व्हर्जन व मॅक्स हीप एवढं लिहून पाठवा, नुसतं १६ जीबी आहे तरी मरतंय एवढ्यावरून काही सांगता येत नाही.